"आमच्या घराण्यातच आहे" म्हणणाऱ्यांसाठी

पन्नाशी ओलांडलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी आली की बोलता बोलता एक वाक्य येतंच, "मॅडम, आमच्या घराण्यातच आहे, साठीनंतर माणूस खचतोच." म्हणून हा अनुभव लिहितेय. ओळख कळू नये इतपत तपशील बदललेत.

बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, वय 61. लालबागची चाळ सोडून घोडबंदर रोडच्या टॉवरमधे सतराव्या मजल्यावर राहायला गेलेले. झोप नाही, गुडघे धरलेले, नावं आठवत नाहीत, चारचौघांत जाणं बंद. रिपोर्ट तसे ठीकच होते.

"वडील 63 ला गेले, शेवटची पंधराएक वर्षं नुसते खिडकीत बसून. माझंही तेच सुरू झालंय."

"खिडकीत बसायला लागले तेव्हा वय काय होतं त्यांचं?"

ते बोटांवर मोजत बसले. वडील गिरणीत कताई खात्यात, 1982 च्या संपात नोकरी गेली ती परत लागलीच नाही. "सत्तेचाळीस," म्हणाले आणि गप्पच झाले. मग हळूच, "म्हणजे आत्ताच्या माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान."

"त्यांना सख्खे भाऊ?"

"थोरले काका, संगमेश्वरकडे. पंच्याऐंशी ओलांडली तरी खाचरात उतरायचे."

"मग रक्त कुणाचं वेगळं होतं?"

त्या दिवशी पुढे फारसं बोलणं झालंच नाही, तशी गरजही नव्हती. पुढच्या वेळी स्वतःच म्हणाले, "बाबांना वयाने नाही बसवलं हो, कापसाच्या तुसाने दम लागायचा, तंबाखू होती आणि सकाळी उठून जायला जागाच उरली नव्हती."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, म्हणजे नुसता धीर देत नाही, पुरावा मागते. आणि माणसाने आपल्याच घरातून शोधलेला पुरावा माझ्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त टिकतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. जनुकं काहीच करत नाहीत असं अजिबात नाही, पण डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या 1996 च्या अभ्यासात आयुष्य कमीजास्त होण्यामागे आनुवंशिकतेचा वाटा साधारण पावच निघाला. खरी गोची अशी की "ठरलेलंच आहे" म्हणून माणूस हिंडणं-फिरणं सोडतो, मग त्याने जे आखडतं तेच पुरावा म्हणून दाखवतो.

चाळीत जिने होते, गॅलरीत माणसं होती, व्यायाम आणि गप्पा न ठरवता व्हायच्या. टॉवरमधे लिफ्ट आणि बंद दार, त्यामुळे आता ते ठरवूनच करावं लागतं. त्यांनी रोज चालणं सुरू केलं, मेन रोडच्या धुरात नाही, आतल्या बागेत. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठबस, ज्येष्ठ नागरिक संघाची मीटिंग. आणि मी आग्रह धरून कान तपासायला लावले, तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं! नावं विसरत नव्हते, ती नीट ऐकूच येत नव्हती. मशीन लागल्यावर संघात हेच जास्त बोलतात म्हणे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) बदलता येण्यासारखे 14 धोके दिलेत, त्यात कमी ऐकू येणं, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, व्यायामाचा अभाव हे सगळं आहे, आणि हे धोके आटोक्यात आणले तर साधारण 45 टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यामुळे पन्नाशीनंतर डोळ्यांबरोबर कानही तपासा, आणि विसरणं रोजच्या व्यवहारात आडवं यायला लागलं तर "घराण्यातलं" म्हणून घरी न बसता आधी डॉक्टरांना दाखवा.