सगळं बाहेरून येतं, तर मग मेकॅनिकल कशाला?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी गाडीच्या चाकाचं बेअरिंग बदललं. खोक्यावर युरोपियन कंपनीचं नाव, बारकोड ८९० पासून सुरू होणारा आणि बेअरिंगच्या कडेवर तिसऱ्याच देशाचं नाव. तेव्हापासून तिचं एकच पालुपद आहे : "सगळं बाहेरून येतं, इथे नुसतं जोडतात. मी कॉम्प्युटरकडे वळते." तिचं बरोबर आहे का? शाखा बदलावी का? एका क्लासवाल्यांनी कॅड-कॅमचा सहा महिन्यांचा कोर्स सुचवलाय, तो लावावा का?
– एक पालक

उत्तर : मुलीचं म्हणणं निम्मं खरं आहे. राहिलेलं निम्मं तिने नीट पाहिलं, तर शाखा बदलायची घाई ती करणार नाही असं मला वाटतं.

आधी त्या खोक्याचं बघू. ८९० हे आकडे पाहून माल भारतात बनला असं बरेच जण धरून चालतात. त्यांचा अर्थ एवढाच, की तो क्रमांक बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे. आतला माल कुठूनही आलेला असू शकतो. बघायची असते ती बारीक अक्षरांतली ओळ. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापणं वैधमापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे. टायरवर तर याहून जास्त माहिती मिळते. डीओटी या अक्षरांनंतर कारखान्याचा कोड असतो आणि शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गाडीच्या सतरा अक्षरांच्या चासी नंबरवरून मात्र गाडी बनवणारी कंपनी आणि तिचा देश कळतो, आतल्या सुट्या भागांबद्दल काही कळत नाही.

पण मूळ देश छापलेला असला तरी तो साधारणपणे शेवटचा मोठा बदल जिथे झाला, तिथला असतो. एका बेअरिंगमध्ये आतली रिंग, बाहेरची रिंग, गोळ्या, त्यांना जागेवर धरणारा केज, सील आणि ग्रीस एवढ्या गोष्टी येतात. रिंग फोर्ज (तापवून, दाबून घडवणं) किंवा टर्न (लेथवर कापणं) होते, मग तापवून कडक करायची हीट ट्रीटमेंट, मग घासून नेमकं माप देणारं ग्राइंडिंग. गोळ्या बऱ्याचदा फक्त गोळ्याच बनवणाऱ्या वेगळ्या कारखान्यातून येतात. तेव्हा "कोणत्या देशात बनलं" यापेक्षा "कोणती प्रक्रिया कुठे होते आणि तिथेच का" हा प्रश्न मुलीने विचारावा. करिअर ठरवायला उपयोगी तोच आहे.

सीट, बंपर, इंधनाची टाकी, सायलेन्सर हे सगळं वजनाला हलकं पण आकाराने मोठं. कंटेनरमध्ये भरलं तर अर्धी हवाच वाहून न्यावी लागते. म्हणून हे भाग गाडीच्या कारखान्याच्या आसपासच बनतात. चाकण, मानेसर, श्रीपेरुंबुदूर या पट्ट्यांत पुरवठादारांची दाटी दिसते, त्यामागे हेच कारण आहे. सीट तर बऱ्याच ठिकाणी असेंब्ली लाइनवर गाड्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने, काही तास आधी पोचते. हे काम परदेशात जाणार नाही.

चिप, सेन्सर, मॅग्नेट यांचं उलट आहे. आकार चिमुकला, किंमत मोठी आणि बनवायला लागणारी यंत्रणा अवाढव्य. हे भाग जगभर फिरतात आणि अडले की सगळ्यांना अडवतात. २०२१ च्या चिपटंचाईत जगभर गाड्यांचं उत्पादन खोळंबलं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा अनेक देशांतल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. असे मॅग्नेट बनवण्यात चीनचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. या बाबतीत तुमची मुलगी शंभर टक्के बरोबर आहे. एलईडी बल्बचंही तेच : जोडणी इथे, आतली चिप बहुतेक वेळा बाहेरची.

वायरिंग हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्याचा, हिशोब आणखी वेगळा. तारा कापणं, त्यांच्या टोकांना टर्मिनल दाबून बसवणं (क्रिंप) यंत्र करतं, पण त्या तारा फळ्यावर मांडून टेप गुंडाळण्याचं काम अजून हातानेच होतं. त्यामुळे हा उद्योग मोरोक्को, ट्युनिशिया, मेक्सिको, व्हिएतनाम अशा ठिकाणी आणि भारतातही आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या युद्धामुळे तिथून येणारे हार्नेस थांबले आणि जर्मनीतल्या मोठ्या कंपन्यांना लाइन बंद ठेवाव्या लागल्या.

आणि मग येतं कास्टिंग (धातू ओतून घडवणं), फोर्जिंग, मशीनिंग (यंत्रावर कापून माप देणं). वजन भरपूर, तरीही माल समुद्रापार जातो, आणि तो जातो इथून तिकडे. ट्रकचे क्रँकशाफ्ट, फ्रंट अॅक्सल बीम पुण्याहून अमेरिकेत आणि युरोपात जातात. कोल्हापूर आणि राजकोटच्या फाउंड्र्या, जामनगरचे पितळी भाग, लुधियानाचे सायकलचे भाग आणि नट-बोल्ट यांच्या साखळ्याही अशाच उभ्या राहिल्या आहेत. "इथे नुसतं जोडतात" हे वाक्य या लोकांसमोर म्हणून बघायला हरकत नाही.

आता ज्या कामाकडे विद्यार्थी सहसा बघतच नाहीत त्याविषयी थोडं सविस्तर लिहितो : साचा, म्हणजे मोल्ड आणि डाय.

प्लास्टिकची बादली किंवा डॅशबोर्डचा भाग बाजारपेठेजवळच बनतो, पण त्याचा मोल्ड पुष्कळदा चीनमधून येतो; झेजियांग प्रांतातलं हुआंगयान हे मोल्डसाठीच ओळखलं जातं. वाहनाच्या भागाचा मोल्ड बऱ्याचदा पुरवठादाराच्या मालकीचा नसतो. वाहन कंपनीने त्याचे पैसे दिलेले असतात आणि तिचा मालमत्ता क्रमांक असलेली पट्टी साच्यावर बसवलेली असते. पुरवठादार बदलला की मोल्ड ट्रकवर चढतो आणि तोच भाग पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात बनू लागतो. मोल्ड आला की ट्रायल घेतात, आणि पहिल्या ट्रायलला पार्ट सहसा बरोबर येत नाही. कडेला जादा प्लास्टिकची पातळ झालर (फ्लॅश) येते, आधारासाठीच्या जाड पट्टीच्या (रिब) मागे खड्डा पडतो, थंड झाल्यावर पार्ट वाकतो. मग टूल रूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या-दुरुस्त करायच्या विभागात, दुरुस्ती होते. पोलाद काढणं सोपं आणि घालणं त्रासाचं; भरायचं म्हटलं की वेल्डिंग, पुन्हा मशीनिंग, पुन्हा पॉलिश. म्हणून नाजूक मापाच्या जागी जाणकार डिझाइनर आधीच थोडं पोलाद शिल्लक ठेवतो. त्याला 'स्टील-सेफ' म्हणतात. कुठे किती शिल्लक ठेवायचं हे ओळखणारी माणसं कमी आहेत, आणि मोल्ड कुठलाही असला तरी दुरुस्ती तो चालतो तिथेच करावी लागते.

अॅल्युमिनियमच्या प्रेशर डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरण्याच्या प्रक्रियेत, असाच एक छुपा त्रास असतो. पार्ट बाहेरून चकचकीत, पण मशीनिंगमध्ये वरची कातडी निघाली की आत बारीक भोकं उघडी पडतात आणि लीक टेस्टला पार्ट बाद. कारण अनेक असतात : धातू ढकलणाऱ्या दट्ट्याचा (प्लंजर) वेग चुकीच्या क्षणी बदललेला, हवा बाहेर जायची वाट बुजलेली, डायवर स्प्रे जास्त झाल्याने अडकलेली वाफ. ऑपरेटरला विचारून, एक-एक गोष्ट बदलून, एक्स-रे बघून हे शोधावं लागतं.

शाखा बदलण्याबद्दल माझं मत असं : कॉम्प्युटरची खरी ओढ असेल तर जरूर जावं, पण केवळ "इथे काही बनत नाही" म्हणून जाऊ नये. डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतोच. तो निर्णय अजून दीड वर्षाने घेता येईल. तोवर तिने एक प्रक्रिया निवडून तिच्यात खोल जावं. ब्रँड निवडू नये. डिप्लोमानंतर साच्यांकडेच वळायचं ठरलं, तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे अभ्यासक्रम पाहावेत. प्लास्टिकसाठी सिपेट ही केंद्र सरकारची संस्था आहे.

इन-प्लांट ट्रेनिंगसाठी सगळे मोठ्या वाहन कंपनीच्या मागे लागतात. माझा सल्ला उलट आहे. तिथे बऱ्याच ट्रेनींना लाइनवर एकच स्टेशन मिळतं. साठ-सत्तर माणसांच्या टियर-२ कारखान्यात (वाहन कंपनीच्या पुरवठादाराला माल देणाऱ्या) ड्रॉइंग, डाय, मशीन, तपासणी आणि ग्राहकाची तक्रार हे सगळं एकाच छताखाली दिसतं. जाण्याआधी जीडी अँड टीची, म्हणजे ड्रॉइंगवर आकार आणि जागेतली चालण्याजोगी चूक दाखवणारी, चिन्हं वाचता आली पाहिजेत, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर सराईतपणे हाताळता आले पाहिजेत. तिथे पीपीएपीची, म्हणजे नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांची, एक फाइल मागून घ्यावी. तिच्यात अठरा घटक असतात. प्रोसेस फ्लो (कामाचे टप्पे), पीएफएमईए (प्रत्येक टप्प्यावर काय चुकू शकतं याची यादी) आणि कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं) हे तीन समोर ठेवून एकाच पार्टचा प्रवास जुळवून बघावा. फ्लोमध्ये असलेलं ऑपरेशन कंट्रोल प्लॅनमध्ये नाही, असं बऱ्याचदा सापडतं. गेज आर अँड आर (मोजण्याच्या पद्धतीमुळेच मापात येणारा फरक) म्हणजे काय, तो दहा टक्क्यांखाली का हवा आणि तीसच्या वर गेला तर मोजण्याची ती पद्धत का नाकारतात, हे समजलेला ट्रेनी मुलाखतीत लगेच वेगळा दिसतो.

नोकरी घेताना "क्वालिटी" या शब्दाला भुलू नका. काही ठिकाणी त्याचा अर्थ दिवसभर चांगले-वाईट पार्ट वेगळे करणं एवढाच असतो. बाद मालाचं कारण शोधून बदल करायचा अधिकार कोणाकडे आहे, हे मुलाखतीतच विचारावं. अॅप्रेंटिस म्हणून घेत असतील तर करार सरकारी पोर्टलवर नोंदला जाणार का, हेही विचारावं.

कॅड-कॅमच्या कोर्सबद्दल : पॅकेजमध्ये चार सॉफ्टवेअर असतील तर लावू नका. एकच सॉलिड मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर, त्यात टॉलरन्ससह (मापात चालणारा फरक) ड्रॉइंग काढणं आणि मोल्डचं कोअर-कॅव्हिटी (साच्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग) वेगळं करणं एवढं शिकवत असतील तर ठीक. क्लासमध्ये जाऊन जुन्या विद्यार्थ्याने काढलेलं एक ड्रॉइंग मागा. त्यावर डेटम (जिथून मापं घ्यायची ती आधाराची जागा) आणि टॉलरन्स नसतील, फक्त सुंदर थ्रीडी चित्र असेल, तर पैसे भरू नका.