बायका नात्यावरून आणि पुरुष नियमावरून चूक-बरोबर ठरवतात, हे खरंय का?

नाही, एवढी सरळ वाटणी नाहीये, फरक आहे पण छोटा, आणि त्यापेक्षा जास्त फरक समोरचा माणूस आपला की परका यावरून पडतो. हा समज आला कुठून, तर मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्गने नैतिक विकासाच्या (माणूस चूक-बरोबर ठरवायला कसा शिकतो त्याच्या) पायऱ्या अमेरिकेतल्या फक्त मुलग्यांच्या मुलाखतींवरून बांधल्या, मग 1982 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन म्हणाली की बायकांचा विचार खालच्या पायरीचा नाही, वेगळा आहे, काळजी आणि जबाबदारीतून येतो. मुद्दा भारी होता (मुलींना मोजलंच नाही आणि वर मार्कही कमी!) पण 2000 साली जॅफी आणि हाइड या संशोधकांनी शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले तर फरक किरकोळच निघाला. उलट प्रयोगांत दिसतं की चोरी अनोळखी माणसाने केली तर लोक पोलिसांना सांगू म्हणतात, भावाने केली तर त्याला वाचवायला बघतात, आणि 'करायला काय हवं' असं विचारलं की तेच लोक तक्रारीकडे झुकतात. आपला कायदाही हे थोडं मानतो, गुन्हेगाराला लपवणं गुन्हा आहे पण नवरा-बायकोने एकमेकांना लपवलं तर सूट (आधी आयपीसी 212, आता बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहिता 249), आईने मुलाला लपवलं तर मात्र नाही, जे मला जरा विचित्रच वाटतं. फक्त एक, यातले बरेच प्रयोग अमेरिकेतले आणि कागदावरच्या प्रसंगांवरचे आहेत, आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात जिथे सुनेने तोंड कधी उघडायचं हेच आधी ठरलेलं असतं तिथे ते जसेच्या तसे लावू नका.