मनीच्या आजारासाठी एफडी मोडू का?

गंगाखेडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात दोन मांजरं, मनी आणि बोक्या. मनी तीन वर्षांची. दिवाळीनंतर तिचं वजन उतरत गेलं, हिरड्या लालभडक झाल्या, मधूनमधून ताप येऊ लागला. परभणीत एका खासगी दवाखान्यात किटवर रक्ताची चाचणी केली, ती फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजारासाठी पॉझिटिव्ह आली. आतापर्यंत ११,४०० रुपये गेले. पुण्यातल्या भाच्याने तिथे चौकशी करून अंदाज पाठवला: इंजेक्शनांचे तीन कोर्स, गरज पडली तर रक्त चढवणं, चार वेळा जाणं-येणं आणि मुक्काम, सगळं धरून १,४०,०००. ताईंच्या नावावर बँकेत २,१०,०००ची एफडी आहे, मुलीच्या लातूरच्या अकरावीसाठी ठेवलेली. नाहीतर चार तोळ्यांचं गंठण गहाण ठेवायचं. दिरांचं म्हणणं असं की, "गोदाकाठी सोडून या, मांजर हाय ते." ताई लिहितात, "संध्याकाळी शिलाई मशीनवर बसले की कापडाच्या ढिगावर येऊन झोपते. शिवलेल्या प्रत्येक ब्लाउजवर तिचे केस असतात, गिऱ्हाइकाला देण्याआधी मी एकेक वेचते. दोघं एकाच जर्मनच्या ताटलीत जेवतात. एफडी मोडू का सोनं ठेवू, तेवढं सांगा."

ताई, दोन्ही करू नका. ती मांजर आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तुमच्या घरात तिची जागा काय आहे ते वेचलेल्या केसांवरून मला कळलं, त्यामुळे "जनावरावर एवढा खर्च कशाला" हा प्रश्न या उत्तरात कुठेही येणार नाही. मनीवर खर्च करायचाच आहे. माझं भांडण आहे ते एकरकमी १,४०,०००शी. हा आजार एक मोठी रक्कम भरून सुटण्यातला नाही. तो महिन्यामहिन्याने चालतो, म्हणून त्याचा पैसाही महिन्यामहिन्यानेच उभा करावा लागतो.

आधी आजाराचं बघू, कारण हिशोब त्यावरच बसतो. १९६४मध्ये ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लिंफोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) झालेल्या मांजरांमध्ये हा विषाणू सापडला आणि त्याला ल्युकेमिया हे नाव चिकटलं. नाव ऐकलं की आपल्याला रक्ताचा कॅन्सर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात मनीला आज कॅन्सर आहे असा त्या किटचा अर्थ होत नाही. तिच्या रक्तात विषाणूचं प्रथिन सापडलं, एवढंच ती पट्टी सांगते. पुढे तीन वाटा असतात. काही मांजरांचं शरीर विषाणूला सुरुवातीलाच हुसकून लावतं. काहींमध्ये तो रक्तातून मागे हटतो आणि शरीरात दबून राहतो, अशी मांजरं वर्षानुवर्षं ठीक राहू शकतात. तिसऱ्या गटात तो रक्तात ठाण मांडून बसतो. मग रक्त कमी होतं, प्रतिकारशक्ती ढासळते, कधी गाठी होतात. या तिसऱ्या गटातली मांजरं निदानानंतर साधारण अडीच-तीन वर्षं जगतात, काही त्याहून जास्त. मनी कोणत्या वाटेवर आहे ते एका किटवरून ठरत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते आणि शक्य असेल तर वेगळ्या पद्धतीची, म्हणजे पीसीआर (विषाणूचं जनुक शोधणारी) किंवा आयएफए (रक्तपेशींत विषाणू शोधणारी). तुमचे डॉक्टर नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतात का ते विचारा.

म्हणजे १,४०,०००चा तो अंदाज दुसरी चाचणी व्हायच्या आधीच काढलेला आहे. कोणताही व्यवहार असा केला असता का? सातबारा न बघता वावराचा इसार कोणी देत नाही.

आता त्या इंजेक्शनांबद्दल. इंटरफेरॉन असो की झिडोव्युडीन, या आजाराचा विषाणू शरीरातून काढून टाकणारं औषध आज नाही. काही मांजरांना त्यांनी बरं वाटतं, हिरड्यांचा त्रास कमी होतो. पण आयुष्य नक्की वाढतं असा भक्कम पुरावा नाही, आणि झिडोव्युडीनने रक्त आणखी कमी होऊ शकतं. तुमचे डॉक्टर मनीची तब्येत बघून एखादा छोटा कोर्स सुचवतील तर जरूर ऐका. पण लेकीच्या फीमधून तीन कोर्स आगाऊ विकत घेणं मला पटत नाही.

आता तुमच्या घराचे आकडे. तुमचा शाळेतल्या क्लार्कचा पगार ३१,००० आणि मालकांच्या गॅरेजचे सरासरी १८,०००, म्हणजे ४९,०००. शिलाईचे पैसे सणासुदीला येतात, ते मी धरत नाही. स्कूटीच्या ३,२००च्या हप्त्यासकट खर्च ४१,५००. राहिले ७,५००. त्यातले ३,००० भिशीला, २,००० एसआयपीला, उरतात २,५००. बचत खात्यात २६,०००. तीन एकर सोयाबीन २०२५च्या सप्टेंबरातल्या पावसात गेलं, त्यामुळे शेतीकडून या वर्षी काही येणार नाही. आणि जूनमध्ये लातूरला क्लास, होस्टेल आणि मेस मिळून १,६०,००० लागणार, हा तुमचाच अंदाज.

एफडीतून १,४०,००० काढले तर ७०,००० राहतात. मुदतीआधी मोडली म्हणून बँक थोडं व्याज कापेल, ते किरकोळ आहे. खरी अडचण जूनमधली: ९०,००० कमी पडतील. अकरावीच्या क्लासला शैक्षणिक कर्ज सहसा मिळत नाही, म्हणजे पर्सनल लोन किंवा पुन्हा तेच गंठण. आज गंठण ठेवलं तर ते सोडवायचं कशाने? सोयाबीन आडतीवर गेलं की सोडवू, असं आपल्याकडे घराघरांत ठरतं. या वर्षी आडतीवर न्यायला सोयाबीनच नाही, आणि पुढच्या हंगामाचं बी-बियाणं याच पैशांतून निघायचं आहे. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, पण पीक वावरातच वाहून गेलं तर त्याचा उपयोग काय.

जाऊबाईंनी सुचवलेला मार्गही नको. एफडी काढून जास्त व्याजाच्या पतसंस्थेत टाकायची आणि वरच्या व्याजावर मनीचा खर्च भागवायचा, हे ऐकायला गोड वाटतं. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत कुलूप लागलेल्या शटरसमोर पासबुक घेऊन उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. लेकीची फी त्या रांगेत उभी राहू नये, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो.

मग मनीचं काय? तिच्यासाठी वेगळं खातं काढा, बँकेत किंवा पोस्टात, साधं बचत खातं. दर महिन्याचे उरणारे २,५०० त्यात टाका. फेब्रुवारीत तुमचा भिशीचा नंबर आहे, ३६,००० हातात येतील. त्यातले १५,००० मनीच्या खात्यात, बाकी २१,००० बचत खात्यात, कारण तुमच्या घराला आडीअडचणीचा पैसा म्हणून सध्या जवळपास काहीच नाही. स्कूटीचा हप्ता मार्चमध्ये संपतोय, ते ३,२०० एप्रिलपासून लेकीच्या मेसला. असं केलं तर वर्षभरात मनीसाठी ४५,००० उभे राहतात आणि एफडीला हात लागत नाही. पहिल्या चाचण्यांसाठी आजच बचत खात्यातून १०,०००पर्यंत काढा, ते भिशीतून भरून निघतील.

हा पैसा कुठे आधी जावा, यावर माझं मत ठाम आहे. पहिला खर्च बोक्याच्या चाचणीचा. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी मला एका ताटलीत जेवण्याच्या वाक्याने लागली. हा विषाणू लाळेतून जातो, एकमेकांना चाटण्यातून, एकाच भांड्यातून, चावण्यातून. बोक्या निगेटिव्ह निघाला तर दोघांना वेगळं ठेवणं हा तुमच्या हातातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा उपाय आहे. त्याचीही चाचणी थोड्या आठवड्यांनी पुन्हा करावी लागेल. त्याला ट्रायकॅटची लस दिली आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्या लशीतलं संरक्षण दुसऱ्या आजारांचं आहे. त्यातल्या पॅनल्युकोपेनियाचं नाव ल्युकेमियासारखं वाटतं म्हणून पुष्कळ जण फसतात.

नंतर मनीची दुसरी चाचणी आणि पूर्ण रक्ततपासणी. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि गंगाखेडहून रेल्वेने तासाभराच्या आसपास पोचता येतं. दुसरं मत तिथल्या चिकित्सालयात घ्या, पुण्याच्या चार फेऱ्यांच्या भाड्यात अशा कितीतरी चकरा होतील. आजारी मांजराला लांबच्या प्रवासाचा ताणही नको असतो. तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं नसेल तर तिची तब्येत ते सोसण्याजोगी आहे का ते विचारा. पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी आणि वजन.

आणि खाणं. दूध-भाकरीवर मांजर तगतं, पण आजाराशी झुंजत नाही. तिला मांस लागतं. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, बाजारातलं मांजराचं तयार खाद्य, जे तुमच्या घरात चालेल ते. कच्चं मांस मात्र नको, तिची प्रतिकारशक्ती कमी आहे. महिन्याच्या २,५००तला मोठा वाटा इथेच जाईल आणि तो जाऊ द्या. एक दिवस तिने तोंड लावलं नाही तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

दिरांना दोन गोष्टी सांगा. हा विषाणू माणसाला लागत नाही, तुमच्या लेकीलाही नाही, गोठ्यातल्या जनावरांनाही नाही. आणि पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय गोदाकाठच्या मोकाट मांजरांत ती मिसळली तर हाच आजार त्यांच्यात पसरेल. तिला घरातच ठेवायचं आहे, तिच्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही.

मनीचा विमा आता उतरवायला जाऊ नका. निदान झालेला आजार कंपन्या धरत नाहीत.

अवघड गोष्ट आता लिहितो. पाच वर्षांपूर्वी माझ्या घरचं मांजर मूत्रपिंडं निकामी होऊन गेलं. शेवटचे दहा दिवस मी त्याला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ठेवलं. रोज सकाळी फोन यायचा, अजून एक इंजेक्शन देऊन बघू, आणि मी हो म्हणायचो, कारण नाही म्हणायचं कधी हे मी आधी ठरवलेलंच नव्हतं. ५८,००० रुपये क्रेडिट कार्डावर गेले, महिन्याला साडेतीन टक्के व्याजाने, फेडायला १४ महिने लागले. ते पैसे मी विसरलो. त्या पिंजऱ्यातली ट्यूबलाइट आणि पायाला बांधलेली सलाइनची पट्टी दाताने ओढणारं ते मांजर अजून डोळ्यांपुढून जात नाही. माझी स्वतःची खोली, माझी चादर, यातलं काहीच त्या दहा दिवसांत त्याला मिळालं नाही.

म्हणून मनी आज खातेपिते आहे, कापडाच्या ढिगावर येऊन झोपते आहे, तोवरच डॉक्टरांसोबत बसून ठरवा की कोणत्या टप्प्यानंतर उपचार तिला आराम देणार नाहीत, फक्त दिवस ओढतील. रक्त चढवायची वेळ आली तर एकदा की दोनदा? श्वासाला त्रास सुरू झाला तर काय? दयामरणाबद्दल मोकळेपणाने विचारा, ते विचारण्यात काही वाईट नाही. उत्तरं एका कागदावर लिहा, त्याखाली खात्यातली रक्कम लिहा, आणि मालकांनी व तुम्ही दोघांनी सही करा. कोर्टकचेरीसाठी तो कागद नाही. रात्री अकराला फोन आल्यावर, हात थरथरत असताना निर्णय घ्यावा लागू नये यासाठी आहे. ते खातं रिकामं झालं आणि मनी अजून ठीक असेल, तर मला पुन्हा लिहा, आपण एसआयपीचे २,००० काही महिने थांबवू. त्याला माझी आडकाठी नसेल. एफडीला आणि गंठणाला आहे.

लेकीलाही हे आकडे दाखवा. दहावीतली मुलगी आहे, तिच्या फीचा आणि तिच्या मनीचा हिशोब आहे, तिला बाजूला ठेवून करू नका.

येत्या शनिवारी दोघांना वेगवेगळ्या टोपल्यांत घालून परभणीला न्या, आणि जुनी ताटली मनीलाच राहू द्या. बोक्याला आज रात्रीपासून दुसरी.