रंगाखालचं रेखाटन

प्रश्न : जुन्या तैलचित्राखालचं कोळशाचं रेखाटन साध्या डिजिटल कॅमेऱ्याने दिसतं का? फक्त अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश आत सोडणारा 850 नॅनोमीटरचा फिल्टर लावला, तर फोटो काळाच आला.

उत्तर : दिसतं, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर अवरक्त किरण अडवणारी काच असते. ती काढून तिथे साधी पारदर्शक काच बसवून घ्या. हे काम घरी करू नका. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही झटका देतो. दुसरी चूक बहुधा दिव्याची. पांढऱ्या एलईडीत अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतोच. दोन हॅलोजन दिवे 45 अंशांत लावा. मात्र ते तापतात, म्हणून चित्रापासून लांब आणि फोटोपुरतेच चालू. फोकस फिल्टर लावल्यानंतर, स्क्रीनवर मोठं करून जुळवा, कारण अवरक्तात तो सरकतो. ट्रायपॉड, आयएसओ 100, लेन्सचं छिद्र एफ/8. मधोमध उजळ डाग पडला तर दोष लेन्सचा. छिद्र थोडं मोठं करून पाहा.

कोळसा, ग्रॅफाइट काळेच उमटतात, कारण कार्बन अवरक्त शोषतो. लाल रंग बऱ्यापैकी पारदर्शक होतो. अझुराइट (निळं) आणि मॅलकाइट (हिरवं) या रंगद्रव्यांखालचं मात्र सहसा दिसत नाही. कारण कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर साधारण 1100 नॅनोमीटरला थांबतो, त्यापुढचा अवरक्त प्रकाश त्याला दिसत नाही. आणि लोहयुक्त शाईचं रेखाटन असेल तर ते फिकट होऊन चक्क गायब होतं!