‘कच्च्या पेशी’ वाढल्या, म्हणजे काय?

प्रश्न : पाळीत फार रक्तस्राव झाल्याने माझं हिमोग्लोबिन ८.२ वर आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. दहा दिवसांनी तपासलं तर हिमोग्लोबिन जेमतेम ८.६, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) २७ आणि रेटिक्युलोसाइट ८ टक्के. ‘कच्च्या पेशी खूप वाढल्यात’ असं लॅबमध्ये सांगितलं, तेव्हापासून धास्ती बसली आहे. गोळ्या लागू पडत नाहीत का? इंजेक्शन घेऊ की बीट खाऊ?
— एक वाचक, देवगड

उत्तर : घाबरू नका. तुमच्या रिपोर्टमधला सर्वांत चांगला आकडा तो ८ टक्केच आहे.

रक्त कमी झालं की मूत्रपिंडाला ऑक्सिजन अपुरा पडतो आणि ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतं. एरवी अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या मगजातल्या, बऱ्याच कोवळ्या पेशी वाढण्याआधीच मरतात. या संप्रेरकामुळे त्या तगतात. मग एकेक पेशी तीन ते पाच वेळा दुभंगते, हिमोग्लोबिन भरत जाते आणि शेवटी आपलं केंद्रक बाहेर टाकते. उरतो तो रेटिक्युलोसाइट, म्हणजेच लॅबने सांगितलेली ‘कच्ची पेशी’. न्यू मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवला की त्यात निळी जाळी दिसते. ती एक-दोन दिवसांत विरते आणि पेशी पक्की होते. या सगळ्याला आठवडाभर लागतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर आधी रेटिक्युलोसाइट चढतात, हिमोग्लोबिन मागाहून.

मात्र ८ टक्के हा आकडा आहे तसा धरू नये. पक्क्या पेशीच कमी असल्या की टक्केवारी फुगते. म्हणून ८ ला तुमच्या हिमॅटोक्रिटने, २७ ने, गुणा आणि ४५ या नेहमीच्या हिमॅटोक्रिटने भागा : ४.८. शिवाय पंडुरोगात, म्हणजे रक्त कमी असताना, तरवा (भाताची रोपं) पुरता वाढण्याआधीच लावणीला काढावा तशा या पेशी मज्जेतून लवकर निघतात आणि रक्तात दुप्पट काळ कच्च्या राहतात. म्हणून पुन्हा २ ने भागा : २.४. हा आकडा २ च्या वर असला की मज्जा नीट प्रतिसाद देते आहे असं समजायचं. हिमोग्लोबिन महिन्याभरात १ ते २ ग्रॅमने वाढायला हवं. तेवढं वाढलं नाही तरच पुढचा विचार. इंजेक्शनची घाई आत्ता नको.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येकात लोहाचे चार अणू. एवढं लोह मुख्यतः १२० दिवसांचं आयुष्य संपलेल्या जुन्या पेशींमधून परत मिळतं. अन्नातून आतडं दिवसाला जेमतेम १-२ मिलीग्रॅम घेतं. वाहून गेलेलं रक्त त्यातून भरून निघत नाही, म्हणून गोळी. बिटात लोह फारसं नसतं. तिसऱ्या, बांगडा खात असाल तर ते कितीतरी उपयोगाचं, कारण मासे-मांसातलं लोह सहज शोषलं जातं. कुळीथ मोड आणून खा, वर लिंबू पिळा.

गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. दूध, कॅल्शियमची गोळी आणि चहा यांपासून ती दोन तास तरी लांब ठेवा. शौच काळी होते, ते साहजिक आहे. मळमळत असेल तर गोळी सोडू नका. एक दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा. गोळीनंतर यकृतातलं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि दिवसभर आतड्याची दारं आवळून धरतं, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेली गोळीही चांगली शोषली जाते. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबू नका. साठा भरायला पुढे तीन महिने लागतात. इथेच बहुतेकजणी चुकतात. आणि पाळीच्या रक्तस्रावाचं कारण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधून घ्याच.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, भातशेती करतात. गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढतं, थांबवल्या की ९ वर येतं. आणखी ताकदीची गोळी आहे का?
— एक वाचक, लांजा

उत्तर : गोळी बदलून भागणार नाही; रक्त कुठूनतरी जात असणार. अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमीच्या अळ्या शिरतात. त्यांतल्या ॲन्सायलोस्टोमा जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिली रक्त शोषतो. शंभर असले तर रोज १५-२० मिली. शौचाची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्बेंडाझोल हे जंताचं औषध द्या आणि लावणीला गमबूट घालायला लावा. पण जंत सापडले म्हणून तिथेच थांबू नका. या वयाच्या पुरुषात लोह कमी होत असेल तर जठर आणि मोठं आतडं दुर्बिणीने तपासायलाच हवं. अल्सर किंवा कर्करोगाचा रक्तस्राव डोळ्यांना दिसत नाही. ‘मूळव्याधच असेल’ म्हणून ही तपासणी टाळू नका. रिपोर्टमधला एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) हाही पाहा : ८० च्या खाली असेल तर लोहाची शंका बळावते, १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलेट तपासा. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची तपासणीही करून घ्या. मूत्रपिंड थकलेलं असेल तर एरिथ्रोपोएटिनच कमी पडतं आणि नुसत्या लोहाने काम होत नाही.