विकिपीडियावर प्राणी-वनस्पतींच्या लेखातली वर्गीकरणाची चौकट आपोआप कशी भरते?

इंग्रजी विकिपीडियापुरतं सांगतो. तिथल्या स्वयंचलित चौकटीत सगळी उतरंड लेखात लिहीत नाहीत. प्रत्येक गटाचा वेगळा छोटा साचा (template, म्हणजे अनेक पानांना एकत्र वापरता येणारा मजकूर) असतो आणि त्यात मुख्यतः दोनच गोष्टी: हा गट कोणत्या पातळीचा आणि याचा 'पालक', म्हणजे लगेच वरचा गट, कोण. लेखात फक्त प्रजातीचं (genus) नाव द्यायचं, आणि लेख एखाद्या जातीचा (species) असेल तर जातीचंही. मग चौकटीचा साचा पालकाचा पालक शोधत वर चढतो, वंशावळीसारखा, आणि प्रजाती, कुळ, गण, सृष्टी अशा ओळी मांडतो. मधल्या बारीकसारीक पातळ्या मुद्दाम मागितल्याशिवाय सहसा दिसत नाहीत.

फायदा कळायला साग घ्या. जुन्या पुस्तकांत तो व्हर्बेनेसी कुळात, आता लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्या कुळात. (सागाला तुळशीचा भाऊबंद म्हणायला जीभ अजून अडखळते!) निर्गुडी आणि शिवणही तिकडेच गेल्या. हाताने भरलेल्या चौकटी असतील तर प्रत्येक जातीचं पान उघडून दुरुस्ती. इथे टेक्टोना या सागाच्या प्रजातीच्या साच्यात पालक एकदा बदलला की त्या प्रजातीची सगळी पानं सुधारतात.

चूकही तशीच पसरते, म्हणून वरच्या गटांच्या साच्यांना हात लावण्याआधी चर्चापानावर विचारा.

मात्र प्रजातीचं नावच बदललं, जसं बाभळीचं अकेशियाचं व्हॅचेलिया झालं, तर जातींची पानं एकेक करून बदलावीच लागतात.