तलफ, संगत आणि खिसा

धूम्रपानाविषयी आलेल्या पत्रांत फुप्फुसांपेक्षा मित्र, पगार आणि नोकरी यांचेच उल्लेख जास्त आहेत. आमच्या मते ते योग्यच आहे. सिगारेट पेटते तोंडात, पण ती तिथवर येते ती याच वाटांनी.

प्रश्न : घरातले जवळजवळ सगळे पुरुष ओढतात, बायका कुणीच नाही. पुरुषांच्या शरीरालाच निकोटिनची ओढ जास्त असते का?

शरीर हेच कारण असतं, तर स्त्री-पुरुषांतलं अंतर सगळीकडे सारखं दिसलं असतं. तसं ते दिसत नाही. २०२० च्या सुमारास जगातले ३६-३७ टक्के पुरुष तंबाखू वापरत होते आणि साधारण ८ टक्के बायका. चीनमध्ये जवळपास निम्मे पुरुष ओढतात आणि बायका शंभरात जेमतेम दोन-तीन. स्वीडनमध्ये मात्र दोघांत फारसा फरक नाही. म्हणजे प्रश्न आहे तो कुणी ओढलेलं चारचौघांत खपतं याचा आणि रोकड कुणाच्या हातात असते याचा.

पुरुषांच्या हातात सिगारेट मुद्दाम दिलीही गेली. १८८० च्या दशकात सिगारेट वळणारं यंत्र आलं. ते मिनिटाला सुमारे २०० नग काढायचं, आणि एवढा माल खपवायला गिऱ्हाईक हवं होतं. दोन्ही महायुद्धांत सैनिकांच्या शिध्यात सिगारेटी होत्या. अमेरिकी लष्कराच्या शिध्यातून त्या जायला १९७५ उजाडलं. मार्लबोरो हा ब्रँड १९२० च्या दशकात बायकांसाठी म्हणून विकला जात होता. १९५० च्या दशकात फिल्टरची सिगारेट पुरुषांना बायकी वाटत होती, तेव्हा त्याच नावाच्या पाकिटामागे घोड्यावरचा काऊबॉय उभा केला गेला. ‘मर्दानी’पणा हा जाहिरातवाल्यांनी नंतर चढवलेला मुलामा आहे.

प्रश्न : सुट्टीत सगळे सहकारी बाहेर जाऊन ओढतात. मला सोडायची आहे, पण बाहेर गेलो नाही तर कामातल्या आतल्या गोष्टी कळत नाहीत, एकटा पडतो.

तुमची अडचण खरी आहे, तिला मनाचा कच्चेपणा समजू नका. पुष्कळ ठिकाणी कामावरून उठायला सिगारेट हेच एकमेव मान्य कारण असतं. ‘जरा पाच मिनिटं उभा राहून येतो’ म्हटलं की भुवया उंचावतात. ‘एक मारून येतो’ म्हटलं की कुणी विचारतही नाही. तेव्हा सुट्टी सोडू नका, तिच्यातली सिगारेट तेवढी काढा.

सोडायचा दिवस रजेला किंवा आठवडी सुट्टीला जोडून धरा. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जोरात असते, आणि तेव्हा त्या घोळक्यात नसलेलंच बरं. कामावर परतल्यावर घोळक्यात उशिरा जा. एक सिगारेट पाच-सहा मिनिटं चालते. बाकीच्यांच्या निम्म्या झाल्यावर पोचलात तर कुणी नवी पुढे करत नाही. ज्या हाताने ओढायचात त्या हातात पाण्याची बाटली धरा. लायटर खिशात ठेवू नका, कारण ज्याच्याकडे लायटर त्याला दर वेळी हाक पडते.

उसनवारीचाही हिशेब मिटवा. काल कुणी एक दिली, आज आपण द्यायची, अशी ही देवघेव चालूच असते, आणि बरेच जण पाकीट घेतात ते केवळ परतफेडीसाठी. ठरलेल्या दिवसाच्या आधी सगळ्यांचं देणं फेडून टाका. नंतर कुणी पुढे केलीच, तर ‘सोडायचा प्रयत्न करतोय’ म्हणू नका. त्यावर ‘मग एक चालेल की’ हे ठरलेलं उत्तर येतं. ‘मी ओढत नाही’ एवढंच पुरे.

एकटं पडण्याबद्दल एक उलटी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या १२ हजारांहून जास्त लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नात्यागोत्यांचा आणि मैत्रीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं घोळक्या-घोळक्याने सोडतात, असं त्यात दिसलं. एका मित्राने सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटली, छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी, नवऱ्याने किंवा बायकोने सोडली तर ६७ टक्क्यांनी. आणि जे ओढत राहिले, तेच काळाच्या ओघात मैत्रीच्या जाळ्याच्या कडेला गेले. शक्य असेल तर एकट्याने सोडू नका, घोळक्यातला एक तरी सोबतीला घ्या.

प्रश्न : ज्याची कमाई कमी तोच पैसे धुरात का घालवतो?

प्रश्नातला सूर थोडा बाजूला ठेवू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत सिगारेट ही सुशिक्षित, पैसेवाल्या पुरुषांचीही ऐट होती. १९५० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तिचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखवल्यावर आधी सोडली ती शिकलेल्यांनी आणि डॉक्टरांनी. खालच्या थरात ती मागे उरली.

कमी कमाईचा माणूस सोडायचा प्रयत्न करत नाही, हे खरं नाही. तो करतो, पण तो तडीस कमी वेळा जातो. आजूबाजूला ओढणारे जास्त, काम पाळ्यांचं आणि कंटाळवाणं, औषधाला पैसे नाहीत. त्यात ‘ताण हलका होतो’ ही समजूत. रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्म्यावर येतं आणि चुळबूळ सुरू होते. झुरक्याने शमते ती ही चुळबूळ. घरभाडं आणि कर्ज जिथल्या तिथे राहतं. सोडल्यानंतर काही आठवड्यांनी लोकांची चिंता आणि उदासी कमी झालेली आढळते, वाढलेली नाही.

महाग केली तर उपयोग होतो का? होतो. किंमत १० टक्क्यांनी वाढली की श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्क्यांनी उतरतो, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण ५ टक्क्यांनी. तरुण आणि गरीब यांच्यावर परिणाम अधिक. हा उपाय फसतो तो दोन ठिकाणी. स्वस्त ब्रँड उपलब्ध असला की माणूस सोडण्याऐवजी खालच्या ब्रँडवर उतरतो. आणि सुटी सिगारेट मिळत असली की पाकिटाचा एकरकमी चटका बसतच नाही. म्हणून घरचा हिशेब पाकिटाने न करता वर्षाने करा. रोजच्या १० म्हणजे वर्षाच्या ३,६५०. त्याला एका सिगारेटच्या किमतीने गुणा आणि आलेला आकडा आपल्या एका महिन्याच्या पगाराशेजारी लिहा.

प्रश्न : पैसे वाचवायला १५ वरून ६ वर आलो. तब्येतीलाही तेवढाच फायदा?

खिशाला हो, हृदयाला नाही. कमी ओढणारा नकळत खोल झुरके घेतो आणि पार बुडापर्यंत ओढतो. दिवसाला फक्त एक ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा जादा धोका २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. ६ हा थांबा समजा, मुक्काम नको.

प्रश्न : निकोटिनचा गम घेतला. घसा जळला, उचक्या लागल्या, तलफ तशीच. पैसे फुकट गेले.

तुम्ही तो साध्या च्युइंगगमसारखा चघळलात, असं लक्षणांवरून दिसतं. भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग थोडा आणि जळजळ जास्त. ते गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. सावकाश चावा, तिखटसर झिणझिणी आली की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटभराने झिणझिणी ओसरली की पुन्हा थोडा चावा आणि जागा बदला. असं अर्धा तास. त्याआधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, फळांचा रस काही घेऊ नका. आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू अंतर वाढवत एकूण १२ आठवडे. दिवसाला २४ च्या वर नाही. महाग वाटतो म्हणून दिवसाला दोन-तीन घेऊन आठवड्यात बंद करणं, ही सर्रास होणारी चूक. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शिवाय सोडल्यावर झोप उडाली, छातीत धडधडलं तर दोष गमलाच देऊ नका. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करत असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. पहिल्या दिवसापासून कप निम्मे करा.